13 ऑगस्टचा बेत : मौलाना आझाद आणि तवक्कुल

3 ऑगस्ट 1942 रोजी मौलाना अबुल कलाम आझाद कलकत्त्याहून मुंबईला निघाले. त्या वेळी ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. बेगम झुलेखा नेहमीप्रमाणे निरोप द्यायला दारापर्यंत आल्या. मध्येच काही नवीन घडलं नाही, तर 13 ऑगस्टपर्यंत परत येण्याचा इरादा आहे, असं मौलानांनी त्यांना सांगितलं. बेगमनी खुदा हाफिज म्हटलं, त्यापलीकडे एक शब्दही बोलल्या नाहीत. 13 ऑगस्ट आली आणि गेली. मौलाना त्या घरी पोहोचले ते जवळजवळ तीन वर्षांनी, आणि तोवर बेगम या दुनियेत राहिल्या नव्हत्या.

दरवर्षी 11 नोव्हेंबरला, मौलानांच्या जन्मदिनी, आम्ही शाळेत राष्ट्रीय शिक्षण दिन साजरा करतो. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री, जन्म 1888 साली मक्केत, भारतरत्न, एवढं मुलांना पाठ असतं. पण या माणसाचे किती बेत मोडले आणि प्रत्येक वेळी त्यांनी पुढे काय केलं, हे घरी मुलांना घेऊन बसून सांगण्यासारखं आहे. कारण बेत आपलेही मोडतात. ठरलेलं लग्न मोडतं, हातची नोकरी जाते, मुलाचा प्रवेश होता होता राहतो. मग कुणी तरी म्हणतं, तवक्कुल ठेवा. ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

मौलानांनी 1912 साली कलकत्त्यातून 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक सुरू केलं, तेव्हा त्यांचं वय अवघं तेवीस होतं. दोन वर्षांत ते आठवड्याला 26 हजार प्रतींवर गेलं. त्या काळच्या उर्दू पत्रकारितेत असं कधी झालं नव्हतं. इंग्रज सरकारने आधी 2 हजार रुपयांचा जामीन मागितला, तो जप्त केला. मग 10 हजारांचा मागितला, तोही गेला. शेवटी छापखानाच गेला. मौलानांनी 1915 मध्ये 'अल-बलाग' या नावाने नवं साप्ताहिक काढलं. काही महिन्यांतच, मार्च 1916 मध्ये, त्यांना बंगालमधून हद्दपार केलं गेलं. पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत आणि आपला मुंबई इलाखा, सगळ्यांनी आधीच प्रवेशबंदी केलेली. उरला बिहार. म्हणून ते रांचीला गेले. तिथेही काही महिन्यांनी नजरकैद झाली, ती 1919 च्या अखेरपर्यंत.

विचार करा, हजारो घरांत पोहोचणारा लेखक, आणि आता एका लहान गावात अडकून पडलेला. मौलानांनी तिथे हातात होतं ते काम धरलं. मशिदीत जाऊ लागले, लोकांना दीन समजावू लागले. गावात मदरसा उभा केला. आणि कुरआनचा उर्दू तर्जुमा व तफसीर, जो कलकत्त्यातच सुरू झाला होता, तो पुढे नेला.

रांचीतला एक किस्सा त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. 1918 च्या डिसेंबरचा सुमार असावा. इशाची नमाज आटोपून ते मशिदीतून बाहेर पडले, तर मागून कुणीतरी चालत येतंय असं वाटलं. वळून पाहिलं, तर घोंगडं पांघरलेला एक परका माणूस. चौकशी केल्यावर कळलं की तो कंदाहारचा. तिथून क्वेट्ट्यापर्यंत पायी आला होता. क्वेट्ट्यात त्याच्या मुलखातले व्यापारी भेटले, त्यांचा नोकर म्हणून आग्र्यापर्यंत पोहोचला. आग्र्याहून रांचीपर्यंत पुन्हा पायी. कशासाठी? 'अल-हिलाल' आणि 'अल-बलाग'चा शब्द न् शब्द त्याने वाचला होता, आणि कुरआनातल्या काही जागा मौलानांकडून समजून घ्यायच्या होत्या. काही दिवस तो राहिला आणि एके दिवशी न सांगता निघून गेला. भेटायला गेलो तर मौलाना परतीच्या भाड्याचे पैसे देतील, ही त्याला भीती! मौलानांना पुढे त्याचं नाव आठवलं नाही. तरी तर्जुम्याचा पहिला खंड त्यांनी त्याच अनोळखी माणसाला अर्पण केला.

सरकारने साप्ताहिकं बंद केली, लेखकाला कोपऱ्यात नेऊन बसवलं. पण त्या पानांचं काम कंदाहारपर्यंत आधीच पोहोचलेलं होतं. मौलानांना त्याचा पत्ताही नव्हता. आपल्या मेहनतीचं फळ कुठे आणि कधी लागेल, याचा हिशेब आपल्याकडे नसतो. तवक्कुलची सुरुवात बहुधा इथूनच होते.

त्या तर्जुम्याचे हालही ऐकण्यासारखे आहेत. रांचीत झडती झाली, कागद गेले. मौलाना पुन्हा लिहायला बसले. 1921 च्या अखेरीस कलकत्त्यात अटक झाली, पुन्हा झडती, पुन्हा कागद गेले. सुटल्यावर ते परत मिळाले तेव्हा त्यांत फाटक्या, विस्कटलेल्या पानांचा ढीग उरला होता. या वेळी मौलानांचं मन खचलं. कित्येक वर्षं ते काम हाती घेववेना. अखेर 1927 मध्ये त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. 'तर्जुमानुल कुरआन'चा पहिला खंड 1931 मध्ये आला, दुसरा 1936 मध्ये. काम शेवटपर्यंत अपुरंच राहिलं. पण जे झालं, ते आजही वाचलं जातं.

आता पुन्हा 1942 कडे येऊ. 8 ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला. 9 तारखेच्या पहाटे अटक झाली. रेल्वेने नेऊन नेहरू, पटेल आणि इतर नेत्यांसह त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. हा तोच चांदबीबीचा किल्ला. सुरुवातीला तर घरच्यांची पत्रं नाहीत, वर्तमानपत्रही नाही. मौलाना पहाट व्हायच्या आधी उठायचे, स्वतःच्या हाताने चहा करायचे आणि लिहायला बसायचे. अलीगढ जिल्ह्यातल्या एका जिवलग मित्राला पत्रं लिहायचे, जी पाठवता येणारच नव्हती. खोलीत घुसणाऱ्या चिमण्यांवर लिहिलं, चहावर लिहिलं. तीच पत्रं पुढे 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली. उर्दूतलं हे लाडकं पुस्तक आपल्या नगरच्या किल्ल्यात लिहिलं गेलं, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

1943 च्या मार्चमध्ये बेगमची तब्येत गंभीर असल्याची खबर आली. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सांगितलं की सरकारला काही कळवायचं असेल तर लगेच पाठवतो. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढत होते, त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं होतं. जेवण, लिखाण, गप्पा, रोजच्या वेळेत काही फरक पडू दिला नाही. पण आतून काय चाललं होतं, तेही त्यांनी लपवलं नाही. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याच्या पावलांचा आवाज आला की काळीज धडधडायचं. तो आत आला की चेहऱ्यावर हसू आणून, पेपर टेबलावर ठेवायची खूण करून ते लिहीत राहायचे, जणू बघायची घाईच नाही. यात दिखावा होता, हे त्यांनीच प्रामाणिकपणे लिहून टाकलं. 9 एप्रिलला इंतकालची तार आली. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कुणाची ते माहीत नाही. शेकडो वेळा पाहिलेली ती कबर त्यांना आता आपलीशी वाटू लागली आणि एका संध्याकाळी ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. तीनेक महिन्यांत भोपाळहून बहीण आबरू बेगम यांच्याही इंतकालची खबर आली.

आमच्या मते सर्वांत मोठा धडा इथे आहे. आपल्या घरांत कुणी मयत झालं, धंदा बुडाला, तर रडणाऱ्याला लगेच गप्प केलं जातं. सब्र कर म्हणतात, जसं काही डोळ्यांत पाणी येणं म्हणजे ईमान कमी असणं. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या तान्ह्या मुलाच्या, इब्राहीमच्या, मृत्यूवर अश्रू ढाळले होते. भरवसा अल्लाहवर असतो, तरी काळीज माणसाचंच असतं. ते धडधडणार. मौलानांचंही धडधडलं, 1921 नंतर तर वर्षानुवर्षं कलमही थांबलं. पण थांबलेलं कलम त्यांनी पुन्हा उचललं.

1945 च्या जूनमध्ये सुटका झाली. कलकत्त्यात स्वागताला गर्दी, हार, बँडबाजा. बाजा त्यांनी बंद करायला लावला. हावडा पूल ओलांडताना तीन वर्षांपूर्वी दारात उभ्या असलेल्या बेगम आठवल्या. घरी न जाता गाडी त्यांनी कबरस्तानाकडे वळवली. स्वागताच्या हारांनी गाडी भरलेली होती. त्यातला एक हार त्यांनी बेगमच्या कबरीवर ठेवला आणि गप्पपणे फातिहा पढली.

त्यांच्यापुढे अजून बारा वर्षांची धावपळ होती. फाळणीचे घाव, आणि 1947 पासून 22 फेब्रुवारी 1958 रोजी इंतकाल होईपर्यंत देशाच्या शिक्षणाची जबाबदारी.

आपलीही एखादी 13 ऑगस्ट हुकली असेल. रडावंसं वाटलं तर रडा, दुआ मागा, आणि सकाळी उठून समोर असेल त्या कामाला हात घाला. अल्लाह आपल्या सर्वांना त्याची तौफीक देवो. आमीन.