याकोब वेनराइट

योसेफाने आपला पिता याकोब याचा देह मिसरातून कनान देशी नेला, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तो योसेफही एके काळी विकला गेलेला दास होता. एकोणिसाव्या शतकात तशीच एक यात्रा आफ्रिकेत घडली. तीत देह नेणाऱ्यांपैकी एकाचे नाव याकोब होते, व त्याचे शिक्षण आपल्या महाराष्ट्रात झाले होते.

याकोब वेनराइट हा पूर्व आफ्रिकेतील याओ लोकांपैकी होता. बाळपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने दास्याचा आधार काढून घेतला होता. समुद्रापलीकडे मात्र तो व्यापार चालूच होता. इंग्रजांनी त्याची सुटका केल्यावर तो नाशिकाजवळील शरणपुरास आला. तेथे चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेल्या ख्रिस्ती गावात अशा मुलांस आश्रय मिळे.

१८७२ साली शरणपूरच्या इतर तरुणांबरोबर तो आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या साह्यास गेला. या मिशनरी प्रवाशाने गुलामांच्या व्यापाराचे क्रौर्य जगापुढे मांडले होते. १८७३ च्या मे महिन्यात चितांबो नामक सरदाराच्या गावी ते मरण पावले. त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले गेले. त्या समयी याकोबाने प्रेतसंस्काराची उपासना वाचली व झाडावर त्यांचे नाव कोरले.

पुढे सुसी व चुमा यांच्या नेतृत्वाखाली त्या मंडळींनी देह मिठाने वाळवून, हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत, समुद्रकिनारी पोहोचविला. वाटेत कॅमरून नामक इंग्रज अधिकाऱ्याने तो तेथेच पुरावा असे सुचविले. त्यांनी ते मानिले नाही. यांतील चुमा मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेत शिकला होता. ज्या स्कॉच मिशनाने आमच्या नागपुरास पाद्री हिस्लॉप दिले, त्याच मिशनाची ती शाळा होय.

ता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरात दफनविधी झाला. वाहून आणणाऱ्यांपैकी एकटा याकोब तेथे हजर होता. सुसी व चुमा यांस किनाऱ्यावरूनच निरोप मिळाला होता. कबरेच्या शिळेवर विश्वासू हातांचा उल्लेख आहे. त्या हातांची नावे नाहीत. याकोब १८९२ साली आफ्रिकेतच निवर्तला.

दास्य मनुष्याचे घर हिरावते, तसे नावही हिरावते. याकोब वेनराइट हे नावदेखील त्यास सुटकेनंतर मिळालेले होते. मग सुटका झालेल्यांस पुन्हा निनावी ठेवणे हे प्रभूच्या मंडळीस शोभेल काय? आमची विनंती अशी की, मे महिन्यातील एका प्रभुवारी उपासनेत याकोब, सुसी व चुमा ही नावे मोठ्याने वाचावीत. आणि आपल्या गावच्या मंदिरासाठी ज्यांनी दगडमाती वाहिली, पण ज्यांचे नाव कोनशिलेवर नाही, त्यांचीही नावे वृद्धांस विचारून मंडळीच्या वहीत लिहून ठेवावीत.