विश्लेषण : मुलींचे शिक्षण अर्ध्यावर का सुटते? महर्षी कर्वे यांच्या विद्यापीठाने शोधलेले उत्तर

विद्यापीठाची कामगिरी मोजताना तीन आकडे पाहिले जातात. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पुढच्या वर्षाला टिकले, किती जण मध्येच गळाले आणि किती जण पदवी घेऊन बाहेर पडले. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्याजवळ हिंगणे येथे महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा ही परिभाषा रूढ नव्हती. प्रश्न मात्र हाच होता. मुली शिकायला लागतात आणि मध्येच थांबतात, ते कशामुळे? दोष मुलींमध्ये शोधायचा की शिक्षणाच्या रचनेत? कर्वे यांनी रचना बदलून पाहिली. त्याची किंमतही त्यांच्या विद्यापीठाला तीन दशकांहून अधिक काळ मोजावी लागली.

कर्वे यांचे स्वतःचे शिक्षण किती वेळा अडले?

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली या आजोळच्या गावी झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरूडमध्ये गेले. घरची परिस्थिती बेताची होती. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला जावे लागे. वयाच्या १७व्या वर्षी ते सोबत्यांसह भर पावसात कुंभार्ली घाटातून पायी साताऱ्याला पोहोचले. परीक्षेला बसण्यासाठी १७ वर्षे पूर्ण असण्याची अट होती. अंगाने किरकोळ असल्याने ते तेवढे मोठे दिसले नाहीत आणि त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. एक वर्ष वाया गेले. पुढे कोल्हापूरहून त्यांनी ही परीक्षा दिली.

मॅट्रिक झाले तेव्हा ते २३ वर्षांचे होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते १८८४ मध्ये बी.ए. झाले, तेव्हा वय २६ होते. शिकवण्या करत त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. आजच्या हिशेबात असा विद्यार्थी उशिरा पदवी घेणाऱ्यांत मोजला जाईल. पण मुलगा असल्यामुळे वाया गेलेले वर्ष भरून काढण्याची मुभा त्यांना होती. त्याच काळातल्या मुलीचे एक वर्ष हुकले, तर शाळा बहुधा कायमचीच सुटे.

मुलींची गळती नेमकी कुठे होत होती?

याचे उत्तर कर्वे यांच्या घरातच होते. पहिल्या पत्नी राधाबाई यांचे १८९१ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई जोशी या विधवेशी विवाह केला. गोदूबाईंचे पहिले लग्न आठव्या वर्षी झाले होते आणि तीनच महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. मधली कित्येक वर्षे शिक्षणाविना गेली होती. या पुनर्विवाहानंतर मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्वे कुटुंबाला वाळीत टाकले. गोदूबाई पुढे आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

बायांसारख्या मुली कोणत्याही विद्यापीठाच्या गळतीच्या आकड्यात कधीच येणार नव्हत्या. कारण गळतीचा दर काढताना आधी प्रवेश घेतलेल्यांची संख्या धरली जाते. ज्या दारापर्यंत पोहोचल्याच नाहीत, त्या हिशेबाबाहेर राहतात. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ वर्षे ठरवणारा शारदा कायदा १९२९ मध्ये आला. त्याआधी मॅट्रिकच्या वयाला पोहोचेपर्यंत बहुतेक मुली सासरी गेलेल्या असत.

आश्रमापासून विद्यालयापर्यंतचा प्रवास कसा झाला?

कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला हलला. कॉलेजातले तास आटोपून कर्वे संध्याकाळी शहरातून हिंगण्यापर्यंत चिखलाची वाट तुडवत जात, तेथे शिकवत आणि सकाळी परत येत. विधवा मुलीला शिकवायचे तर आधी तिच्या राहण्याची, जेवणाची आणि सुरक्षिततेची सोय हवी, हे या आश्रमाने दाखवून दिले. वसतिगृह ही शिक्षणाची पहिली पायरी ठरली.

पण आश्रम विधवांसाठी होता. लग्न व्हायच्या आधीच मुलींना शिक्षणात धरून ठेवायचे, तर वेगळी शाळा हवी होती. त्यासाठी १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. आश्रम शिक्षणातून बाहेर फेकल्या गेलेल्यांना परत आणत होता. विद्यालयाचे काम मुली बाहेर जाऊ नयेत हे होते.

मग स्वतंत्र विद्यापीठ कशासाठी?

मुंबई विद्यापीठाचे दार स्त्रियांना बंद नव्हते. कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८८८ मध्येच तेथून पदवी घेतली होती. मात्र शिक्षण इंग्रजीतून होते आणि अभ्यासक्रम मुलांसाठी आखलेला होता. घरकाम सांभाळत, उशिरा शाळा सुरू केलेल्या मुलीची बरीच वर्षे परकी भाषा आत्मसात करण्यातच जात. विषय समजून घेण्याची पाळी येईपर्यंत तिची मुदत संपलेली असे.

याच सुमारास बनारसच्या शिवप्रसाद गुप्त यांनी पाठवलेली जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्वे यांच्या हाती आली. टोकियोतील ते विद्यापीठ १९०१ मध्ये सुरू झाले होते. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्वे यांच्याकडे आले. तेथे त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जून १९१६ मध्ये विद्यापीठाची स्थापना झाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले, तर रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू. कर्वे तेव्हा ५८ वर्षांचे होते.

या विद्यापीठाने काय बदलले?

शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. मराठीबरोबर पुढे गुजरातीतूनही शिकवले जाऊ लागले. इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा राहिला. गांधीजींना ही सक्ती मान्य नव्हती. कर्वे यांनी ती काढली नाही. इंग्रजी येत नसलेली पदवीधर बाहेरच्या जगात मागे पडेल, असा त्यांचा हिशेब होता.

गृहशास्त्र आणि आरोग्य या विषयांना अभ्यासक्रमात जागा मिळाली. गणित ऐच्छिक झाले. आयुष्यभर गणित शिकवलेल्या प्राध्यापकाने आपलाच विषय ऐच्छिक केला, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. एखाद्या विषयात अडखळल्यामुळे मुलीची पदवीच हुकू नये, हा विचार त्यामागे दिसतो.

किती जणी पदवीपर्यंत पोहोचल्या?

पहिल्या वर्षी कॉलेजात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच विद्यार्थिनी होत्या. १९२१ मध्ये पाच जणी पदवीधर झाल्या. केवळ संख्या पाहिली, तर हा प्रयोग फसला असेच कोणी म्हणेल. पण त्या काळात घराने मुलीला वीस-बावीस वर्षांची होईपर्यंत शिकू देणे, हीच मोठी गोष्ट होती.

पैशाची अडचण सतत होती. कर्वे वर्गणीसाठी गावोगाव फिरत. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. आज ते एसएनडीटी म्हणून ओळखले जाते. विद्यापीठासाठी कर्वे यांनी १९२९ मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षी, युरोप, अमेरिका आणि जपानचा दौरा केला. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला हलले.

मान्यतेचा प्रश्न काय होता?

विद्यापीठ सरकारी कायद्याने स्थापन झालेले नव्हते. त्यामुळे त्याच्या पदवीला सरकारी नोकरीत किंवा इतर विद्यापीठांत पुढे शिकण्यासाठी हक्काची किंमत नव्हती. विद्यार्थिनी टिकवण्यातला हा सर्वांत मोठा अडथळा होता. मुलीने चार वर्षे शिकावे आणि हाती आलेला कागद बाहेर चालू नये, हे किती पालक मान्य करणार? मुंबई विद्यापीठाच्या चौकटीत राहिले असते, तर मान्यता होती, पण माध्यम आणि अभ्यासक्रम बदलता आला नसता. कर्वे यांनी दुसरा मार्ग धरला. मान्यतेचा कायदा १९४९ मध्ये झाला आणि १९५१ पासून एसएनडीटी वैधानिक विद्यापीठ म्हणून काम करू लागले. तेव्हा कर्वे नव्वदी ओलांडून गेले होते. १९५८ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या प्रयोगावर आक्षेप काय आहेत?

मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे त्यांना पुन्हा स्वयंपाकघराशी बांधणे, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. गणित ऐच्छिक केल्याने काही वाटा बंद होतात, हेही खरे. शिवाय सुरुवातीच्या आश्रमाचा लाभ प्रामुख्याने ब्राह्मण विधवांपुरता राहिला. मुली टिकाव्यात म्हणून अट सैल करायची, तर पदवीचे वजन कमी होणार नाही ना, हा पेच कर्वे यांना पूर्णपणे सोडवता आला नाही.

आज याचा संबंध काय?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि पुढे पदवी अशी सोय केली आहे. मध्ये थांबलेल्याला परत येता यावे, हा त्यामागचा हेतू. मातृभाषेतून उच्च शिक्षणावरही धोरणाचा भर आहे. दोन्ही मुद्दे हिंगण्याच्या प्रयोगाशी जवळचे आहेत.

पण परतीची वाट कागदावर असणे पुरेसे नाही. वसतिगृह, फी, लग्नाचा दबाव, माध्यमाची भाषा आणि पदवीला बाहेर मिळणारी किंमत, या पाच गोष्टींवर कर्वे यांना एकाच वेळी काम करावे लागले. त्यातली एक जरी राहिली, तरी मुलगी घरी परतत असे. गळतीचा आकडा वाचताना म्हणूनच आणखी एक संख्या विचारायला हवी. ज्या प्रवेशापर्यंत पोहोचल्याच नाहीत, त्या किती?