राज्य गावांना दिले, मग वकील होऊन देशोदेशी गेले

यमाईच्या दर्शनाला औंधला गेलेली मंडळी डोंगरावरचे संग्रहालय बघून परततात. ते उभारणाऱ्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे भारताचे राजदूत म्हणून गाजले. पण आपल्या सरपंच-ग्रामसेवकांनी त्यांना ओळखावे ते वेगळ्या कारणाने.

जन्म १९१२चा. ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन आलेला राजपुत्र गादीची वाट बघत बसला असता तर नवल नव्हते. इथे उलटेच झाले. मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरला घेऊन अप्पासाहेब गांधीजींकडे गेले आणि जानेवारी १९३९ मध्ये राजेसाहेबांनी राज्यकारभार रयतेच्या हाती दिला. इंग्रज अमलात, बरं का!

संस्थान ते केवढे? औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ हे चार तालुके, तेही विखुरलेले. गावाने पंचायत निवडायची, तिच्यातून तालुका पंचायत, तिथून कायदेमंडळ. महसुलातला वाटा गावाकडे, तंटेही गावातच मिटवायचे. मतदाराला लिहिता-वाचता यावे हा गांधीजींचा आग्रह मात्र आज खटकतो. राबणाऱ्यांतल्या किती जणांनी तेव्हा शाळा पाहिली होती? आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना भिंतीविना ठेवून शेती करायला लावली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७चा सिनेमा त्यावरूनच सुचलेला.

१९४४ पासून अप्पासाहेब संस्थानचे दिवाण होते. ८ मार्च १९४८ला औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा सगळा कारभार संपला. देश एक झाला हे चांगलेच, पण गावाच्या हातातली किल्ली पुन्हा वरच्या कचेरीत गेली, हेही खरे.

त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना नैरोबीला धाडले. राज्य गोऱ्यांचे, दुकाने आपल्या लोकांची, जमीन गेलेली ती काळ्या शेतकऱ्याची. अप्पासाहेबांनी आफ्रिकी पुढाऱ्यांशी दोस्ती केली, तिथल्या पोरांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. इंग्रजांना ते सलू लागले. १९५४ मध्ये ते तिथून परतले, त्याच साली पद्मश्री झाले.

पुढे सिक्कीम. १९५८ मध्ये नेहरू डोंगरवाटांनी भूतानला गेले, तेव्हा सोबत अप्पासाहेब होते. मग इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली.

ऑक्टोबर १९९२ मध्ये ते गेले. पंचायतींना घटनेत जागा देणारी ७३वी दुरुस्ती संसदेने मंजूर केली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात.