घाशीराम कोतवाल

घाशीराम हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे ते विजय तेंडुलकरांच्या १९७२ सालच्या नाटकामुळे. पण नाटकातला घाशीराम क्षणभर बाजूला ठेवून इतिहासातला घाशीराम पाहावा, असे मला वाटले.

घाशीराम सावळदास हा उत्तरेकडचा ब्राह्मण. नशीब काढायला तो पुण्यात आला, नाना फडणविसांच्या मर्जीत बसला आणि १७७७ साली शहराचा कोतवाल झाला. कोतवाल म्हणजे नुसता चोर पकडणारा अंमलदार नव्हे. तंटे मिटवणे, बाजारातील वजनेमापे आणि भाव पाहणे, घरजागांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवणे ही सारी कामे त्याच्याकडे असत. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी. गस्तीला कोणी सापडला की त्याची रवानगी चौकीत! शहर शांत राहिले, पण कोतवालाच्या मनमानीविरुद्ध दाद मागायला जागा उरली नाही. नानांचा विश्वास हीच त्याची सनद होती.

१७९१ च्या ऑगस्टमध्ये श्रावणातील दक्षिणेसाठी आलेले काही तेलंगी ब्राह्मण घाशीरामाच्या बागेत शिरले व त्यांनी फळे तोडली. कोतवालाच्या माणसांनी त्यांना पकडून एका कोंदट खोलीत कोंडले. दार उघडले तेव्हा वीसाहून अधिक माणसे गुदमरून मेली होती. फळांच्या चोरीला मृत्युदंड कोणत्याच शास्त्रात नव्हता, आणि येथे तर कोणी न्यायनिवाडाही केला नव्हता.

शहर खवळले. नानांच्या वाड्यापुढे जमाव जमला. अखेर नानांनी आपल्या कोतवालाला जमावाच्या हवाली केले आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. चौदा वर्षे ज्याने शहराला शिक्षा दिल्या, त्यालाही रीतसर न्याय मिळाला नाही!

हे वाचताना मला आमच्या नावड्यातली एक रात्र आठवली. कारखान्यातील चोरीच्या संशयावरून माझ्या वडिलांना रात्री घेऊन गेले होते. आई आणि मी उजाडेपर्यंत उंबऱ्यावर बसून होतो. सकाळी ते परत आले. चोर दुसराच निघाला. माणसाला किती वेळ अडकवून ठेवता येते, हे सांगणारे शिकलेले माणूस आमच्या घरात कोणी नव्हते. पुढे राज्यशास्त्राच्या तासाला राज्यघटनेचे २२ वे कलम शिकलो : अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे.

सरांनी ते एका वाक्यात सांगितले आणि पुढचे कलम घेतले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती कोंदट खोली होती. शहराला कोतवाल हवाच. चोरांना मोकळे रान कोणाला हवे आहे? पण कोतवालाने लावलेले कुलूप उघडायला लावणारा दुसरा कोणी नसेल, तर आतला माणूस वाचत नाही आणि शेवटी कोतवालही वाचत नाही. घाशीरामाचे चरित्र मला एवढे शिकवून गेले.