आचार्यांचे आचार्य : रोमचे ग्रेगरी

आषाढ शुद्ध पौर्णिमा हा व्यासपूजेचा दिवस. आज घरोघरी गुरुपादुकांचे पूजन होईल, मठामंदिरांतून कीर्तने होतील, आणि शिष्याने गुरूपाशी कसे असावे याविषयी पुष्कळ बोलले जाईल. आम्हीही गेली चाळीस वर्षे या दिवशी हेच बोलत आलो आहोत. परंतु गुरूने शिष्यापाशी कसे असावे, आणि ते त्याला कोणी शिकवावे, हा प्रश्न क्वचितच निघतो. दारी येणारा प्रत्येक मनुष्य काही ब्रह्मजिज्ञासा घेऊन येत नाही. कोणाचे तरुण पोर गेलेले असते, कोणाच्या घरी भावाभावांतून विस्तव जात नसतो, तर कोणी असे पाप पोटात घालून आलेला असतो की जे त्याने पत्नीलाही सांगितलेले नसते. अशा वेळी कोणते वचन म्हणावे, की काहीच न म्हणता नुसते जवळ बसावे, हे कोणत्या पाठशाळेत शिकवतात?

अवधूताने चोवीस गुरू केले आणि त्यांत पृथ्वीपासून कपोत, मधमाशी व पिंगलेपर्यंत सर्वांना मान दिला, ही भागवताच्या एकादश स्कंधातील कथा आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. त्याच न्यायाने आज आम्ही वाचकांना परधर्मातील एका आचार्यांकडे नेणार आहोत. रोमचे पोप पहिले ग्रेगरी, ज्यांना ख्रिस्ती जगाने ‘थोर’ ही पदवी दिली, त्यांनी चौदाशे वर्षांपूर्वी एक ग्रंथ रचला. तो भक्तांसाठी नसून गुरूंसाठी आहे.

ग्रेगरी यांचा जन्म इ. स. ५४० च्या सुमारास रोममधील एका धनाढ्य सरदार घराण्यात झाला. पित्याचे नाव गोर्डियानुस, मातेचे सिल्व्हिया. घराणे मोठे होते, पण नगरीचे दिवस फिरले होते. एके काळी जगावर राज्य करणाऱ्या रोममध्ये महामारीने घरे ओस पडत होती, आणि ५४६ साली गॉथांचा राजा तोतिला याने नगरी जिंकली तेव्हा ग्रेगरी अजाण बालक होते. वयात आल्यावर ते नगराचे मुख्य अधिकारी झाले. ५७३ च्या सुमारास त्यांच्याकडे हे पद असल्याचा उल्लेख मिळतो. पुढे अल्पावधीतच त्यांनी त्यावर पाणी सोडले. सीलियन टेकडीवरील आपल्या वाड्याचा त्यांनी मठ केला, सिसिलीतील वडिलोपार्जित जमिनींवर आणखी सहा मठ स्थापिले आणि स्वतः भिक्षूचे वस्त्र धारण केले. मठातील ते दिवस आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाचे, असे ते पुढे आयुष्यभर हळहळून आठवीत राहिले.

ते सुख फार टिकले नाही. ५७९ च्या सुमारास पोप पेलाजियस दुसरे यांनी त्यांना कॉन्स्टँटिनोपल येथे सम्राटाच्या दरबारी आपले प्रतिनिधी म्हणून पाठविले. तेथे सहा-सात वर्षे राहूनही त्यांनी ग्रीक भाषा आत्मसात केली नाही. आम्हां पंडितांना ही उणीव वाटेल, परंतु त्यांचे लक्ष वेगळीकडे होते. सोबत आलेल्या भिक्षूंना ते ईयोबाच्या ग्रंथावर प्रवचने देत. हा ईयोब म्हणजे निरपराध असून सर्वस्व गमावलेला, अंगभर फोडांनी पीडलेला सत्पुरुष. त्याचे सांत्वन करण्यास तीन मित्र येतात आणि शब्दाशब्दाने त्याच्या जखमांवर मीठ चोळून जातात. दुःखिताशी कसे बोलू नये याचा याहून मोठा धडा कोणता? पुढे या प्रवचनांचा पस्तीस भागांचा ग्रंथ झाला.

ते रोमला परतले. ५८९ साली टायबर नदीला महापूर येऊन धान्याची कोठारे वाहून गेली आणि पाठोपाठ महामारी आली. ५९० च्या फेब्रुवारीत पोप पेलाजियस तिला बळी पडले. लोकांनी एकमुखाने ग्रेगरी यांचे नाव घेतले. ग्रेगरी यांनी मात्र ही निवड मान्य करू नये अशी सम्राट मॉरिस यांना पत्राने विनंती केली. ते पत्र नगराधिकाऱ्याने वाटेतच अडविले, असे सांगतात. तोवर नगरीला वाऱ्यावर सोडणे शक्य नव्हते. त्यांनी लोकांना पश्चात्तापाची हाक दिली आणि सात मिरवणुका काढविल्या. प्रार्थना चालू असतानाच एका तासात ऐंशी माणसे कोसळून गतप्राण झाली, असे तूरच्या ग्रेगरी या समकालीन इतिहासकाराने नमूद केले आहे. अखेर ३ सप्टेंबर ५९० रोजी त्यांचा अभिषेक झाला.

पद चुकविण्याच्या या धडपडीबद्दल रावेन्नाचे बिशप जॉन यांनी त्यांना प्रेमाने दोष दिला. त्या दोषारोपाला उत्तर म्हणून जे लिहिले गेले, तोच ‘रेगुला पास्तोरालिस’ हा ग्रंथ, म्हणजे मेंढपाळाचा आचारधर्म. ख्रिस्ती धर्मात धर्मगुरूला मेंढपाळ म्हणतात. गोपाळाची उपासना करणाऱ्या आम्हांला हा शब्द परका वाटू नये.

आरंभीच ग्रेगरी मर्मावर बोट ठेवतात. औषधींचे गुण न जाणणारा मनुष्य स्वतःला देहाचा वैद्य म्हणवून घेण्यास लाजतो. मनाच्या जखमा तर आतड्यांतील जखमांहूनही खोल दडलेल्या असतात, तरी मनाचे वैद्य म्हणून मिरवणाऱ्यांना न शिकता पुढे येताना संकोच वाटत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. हे वाचून आम्ही पोथी मिटून बराच वेळ बसलो होतो. भगवी छाटी, गळ्यात माळ आणि कंठात गोडवा एवढ्या भांडवलावर लोकांच्या अंतःकरणात हात घालणारे आमच्यात थोडे नाहीत.

ग्रंथाचे चार भाग आहेत. या पदावर कोणी यावे, आल्यावर कसे जगावे, उपदेश कसा करावा, आणि हे सारे करताना स्वतःचे दौर्बल्य नित्य कसे स्मरावे, असा त्यांचा क्रम. तिसरा भाग सर्वांत मोठा असून ग्रंथाचा प्राण तेथे आहे. त्यात परस्परविरुद्ध स्वभावाच्या व स्थितीच्या माणसांच्या छत्तीस जोड्या मांडल्या आहेत. आनंदी आणि खिन्न, निर्लज्ज आणि लाजाळू, मुके आणि वाचाळ, निरोगी आणि रुग्ण, हट्टी आणि चंचल यांना एकच मात्रा चालत नाही. काही जण केलेल्या पापासाठी रडतात पण ते सोडीत नाहीत, तर काही जण पाप सोडतात पण त्यासाठी कधी रडत नाहीत. त्या दोघांशीही निरनिराळे बोलावे लागते. आपल्या वैद्यकात जसा प्रकृतिभेद आणि अध्यात्मात जसा अधिकारभेद, तसाच हा विचार आहे. श्रोत्यांची मने म्हणजे वाद्यावर ताणलेल्या तारा. वाजविणारा एकच, पण प्रत्येक तार तो निराळ्या जोराने छेडतो, तेव्हा कोठे एक सूर जमतो, अशी उपमा त्यांनी योजिली आहे.

दरिद्री मनुष्याला धीर द्यावा आणि श्रीमंताला भय दाखवावे, हा सामान्य नियम. पण कधी दरिद्रीच गर्विष्ठ आणि श्रीमंत नम्र निघतो. तेव्हा वस्त्राकडे न पाहता मनाकडे पाहून नियम उलटा करावा, असे ते सांगतात. सत्ताधीशाला दोष दाखवायचा तर नाथान संदेष्ट्याची युक्ती घ्यावी. दावीद राजाने परस्त्रीचे हरण केले तेव्हा नाथानाने एका गरिबाच्या हिरावलेल्या कोकराची कथा सांगून राजाच्याच मुखातून निवाडा काढविला आणि मग तो निवाडा त्याच्यापुढे धरला. आख्यान लावण्याचे याहून मोठे प्रयोजन आम्हांस ठाऊक नाही.

आणखी एक अडचण त्यांनी हेरली आहे, जी कीर्तनकाराइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही. समोर शेकडो माणसे बसलेली असतात. गर्विष्ठाला नम्रता सांगावी तर शेजारचा भित्रा अधिकच खचतो. कृपणाला दान सांगावे तर उधळ्याला जोर चढतो. म्हणून एकाचा रोग काढताना दुसऱ्याचा रोग वाढणार नाही असे दुधारी बोलावे लागते. खासगीत एकाशी बोलणे त्यापुढे सोपे, असे ग्रेगरी म्हणतात.

परंतु आम्हांला सर्वांत मोलाचा वाटला तो दुसऱ्या भागातील एक विचार. शलमोन राजाच्या मंदिराबाहेर बारा बैलांच्या पाठीवर एक भव्य पितळी कुंड होते. आत जाणारे त्यात हात धूत. गुरू त्या कुंडासारखा असावा, म्हणजे कोणीही येऊन आपल्या मनातील मळ त्यात धुवावा. पण धुणाऱ्यांमुळे पाणी गढूळ होणारच. परक्यांची प्रलोभने ऐकता ऐकता ती गुरूच्या मनातही शिरतात. ग्रेगरी हे लपवीत नाहीत, आणि तेवढ्यासाठी कुंड झाकून ठेवू नये असेही बजावतात. जो दुसऱ्यासाठी असा शिणतो, त्याला देव त्याच्या स्वतःच्या मोहातून लवकर सोडवितो, असा त्यांचा विश्वास होता.

लिहिले तसे ते वागले काय? बहुतेक ठिकाणी होय. मार्सेयचे बिशप सेरेनुस यांनी लोक चित्रांची पूजा करू लागले म्हणून चर्चमधील चित्रे फोडून टाकली आणि लोक त्यांना सोडून गेले. ५९९ व ६०० साली ग्रेगरी यांनी त्यांना लिहिले, ते असे की चित्रांची पूजा थांबविणे योग्य, परंतु ती फोडणे अयोग्य. अक्षरशत्रू माणूस भिंतीवरच आपली पोथी वाचतो, तेव्हा दुरावलेल्यांना गोडीने परत बोलवावे. मूर्तिपूजेसंबंधी त्यांचे मत आम्हांस मान्य होणे शक्य नाही, पण निरक्षर भक्ताविषयीची ही कळकळ आम्ही शिरोधार्य मानतो. ५९८ साली पालेर्मोच्या बिशपांनी ज्यूंची प्रार्थनास्थळे बळकावली तेव्हा त्यांची किंमत चुकती करण्याची आणि ग्रंथ परत देण्याची आज्ञा त्यांनी केली. ५९६ साली त्यांनी आपल्याच मठातील ऑगस्टीन यांना इंग्लंडात धाडले. तेथून नाना प्रश्न येत. त्यांत एक, रजस्वला स्त्रीने चर्चमध्ये यावे काय, असा होता. जो निसर्गधर्म तिच्या इच्छेचा नाही तो तिचा अपराध कसा, म्हणून तिला अडवू नये, असे उत्तर बीड या इतिहासकाराने त्यांच्या नावे जपले आहे.

एक प्रसंग मात्र कठोर आहे, आणि तो त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. त्यांच्या मठात जस्टस नावाचा वैद्यकी जाणणारा भिक्षू होता. ग्रेगरी यांच्या आजारपणात तोच त्यांची शुश्रूषा करी. मठात कोणी स्वतःचे धन ठेवू नये असा नियम असता, त्याने औषधांत तीन सुवर्णनाणी लपविल्याचे तो मरणपंथास लागल्यावर उघड झाले. ग्रेगरी यांनी कोणा बंधूस त्याच्याजवळ जाऊ दिले नाही. मृत्यूनंतर उकिरड्यात खड्डा करून त्या नाण्यांसह त्याला पुरविले. जस्टस पश्चात्ताप करीत गेला. तीस दिवसांनी ग्रेगरी यांचे मन द्रवले आणि त्यांनी त्याच्यासाठी तीस दिवस अखंड मिस्सा अर्पण करविली. ती पुरी होताच जस्टसने आपल्या भावाला दर्शन देऊन सुटका झाल्याचे सांगितले, अशी कथा आहे. आमच्या वाचकांना येथे और्ध्वदेहिक क्रियांची आठवण होईल. दंडामागचा हेतू सुधारणेचा होता हे मान्य, परंतु मरणाऱ्याची उशी रिकामी ठेवणे आमच्या मनाला पटत नाही. जखमेवर झोंबणारी सुरा आणि शमविणारे तेल दोन्ही लागतात असे सांगणाऱ्या पुरुषाने येथे तेल फार उशिरा घातले. तसेच, ६०२ साली मॉरिस व त्यांच्या पुत्रांना ठार मारून गादीवर बसलेल्या फोकास याला ग्रेगरी यांनी पाठविलेले हर्षभरित पत्र हा त्यांच्या चरित्रावरील डाग आहे.

ग्रंथाची कीर्ती त्यांच्या हयातीतच पसरली. सम्राट मॉरिस यांच्या इच्छेवरून अंत्युखियाच्या अनास्तासियस यांनी त्याचा ग्रीक अनुवाद केला. ८१३ साली फ्रान्स-जर्मनीतील धर्मसभांनी बिशपांना त्याचे अध्ययन सांगितले. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडचे राजे आल्फ्रेड यांनी स्वतः तो आपल्या भाषेत आणून राज्यातील बिशपांकडे त्याच्या प्रती धाडल्या. त्यांतील वुस्टरची प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. ख्रिस्ती धर्मगुरूंच्या विद्यालयांत तो ग्रंथ अद्यापि वाचला जातो.

पोप पदावरची वर्षे त्यांनी व्याधींतच काढली. पोटाचे दुखणे आणि वातरक्त यांमुळे अखेरीस त्यांना अंथरुणावरून उठणेही कठीण झाले. लोंबार्डांचा वेढा, उपाशी नगरी, पत्रांचे ढीग हे सर्व त्या अंथरुणावरूनच चाले. देवाच्या सेवकांचा सेवक अशी ते आपली सही करीत. आपल्या ग्रंथाच्या शेवटी त्यांनी स्वतःला एका कुरूप चित्रकाराची उपमा दिली आहे, ज्याने सुंदर पुरुषाचे चित्र रेखाटले, आणि बुडत्याला फळी द्यावी तशी आपल्यासाठी प्रार्थना करावी असे जॉन यांना विनविले आहे.

१२ मार्च ६०४ रोजी त्यांचे देहावसान झाले. शतकानुशतके त्याच तिथीला त्यांचा उत्सव होत असे. परंतु ती ख्रिस्ती उपवासकाळात येते, म्हणून १९६९ साली रोमने पंचांग सुधारले तेव्हा तो ३ सप्टेंबरला नेण्यात आला. जे पद ते टाळू पाहत होते, त्याच्या अभिषेकाचा हा दिवस.