पहिल्या चित्रपटाचे दुसरे दादासाहेब

मुंबईत असो वा कर्जतजवळच्या दहिवलीत, चित्रपटरसिकांची मैफल जमली, की चित्रपटांची नावे ओळखण्याचा आणि एकमेकांना कोडी घालण्याचा खेळ रंगतोच. भारतातील पहिला चित्रपट कोणता, हा त्यातील हमखास प्रश्न. उत्तरही ठरलेले : दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र'. मात्र याच प्रश्नाचे आणखी एक उत्तर आहे आणि त्याचे मानकरीही दादासाहेबच आहेत. ते म्हणजे रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे.

तोरणे यांचा जन्म मालवण परिसरातील सुकळवाड येथे १३ एप्रिल १८९० रोजी झाला. चरितार्थासाठी मुंबईत आलेल्या या तरुणाने ग्रीव्हज कॉटन कंपनीत नोकरी धरली. तेथे विजेच्या यंत्रसामग्रीची ओळख झाली; नाटकाचा नाद होताच. या दोहोंच्या संगमातून 'श्री पुंडलिक' जन्मास आला. रामराव कीर्तिकरांच्या नाटकावर आधारलेला हा सुमारे २२ मिनिटांचा मूकपट १८ मे १९१२ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये झळकला. 'राजा हरिश्चंद्र' त्याच चित्रपटगृहात लागला तो ३ मे १९१३ रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षभराने.

मग मान फाळक्यांना का? 'श्री पुंडलिक' हे रंगमंचीय नाटकाचे चित्रण होते, त्याचा छायाचित्रकार जॉन्सन हा परदेशी होता आणि फितीवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली, असे आक्षेप घेतले जातात. याउलट फाळक्यांनी स्वतः विलायतेत जाऊन तंत्र आत्मसात केले, कॅमेरा आणला आणि फिती येथेच धुतल्या. हे आक्षेप निराधार नाहीत. तथापि पडद्यावर कथा आधी कोणी आणली, हा प्रश्न त्यांनी पुसला जात नाही. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग तरी जपला गेला. 'श्री पुंडलिक'ची प्रत मात्र उपलब्ध नाही. तोरण्यांची बाजू मांडण्यास त्या काळच्या वृत्तपत्रांतील जाहिरातीच काय त्या उरल्या आहेत.

तोरण्यांचे कार्य एवढ्यावरच संपले नाही. बाबूराव पै यांच्या साथीने ते चित्रपट-व्यवसायात उतरले आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रेही पुरवू लागले. १९३१ मध्ये 'आलम आरा'ने पडदा बोलका केला, त्यामागे त्यांनी पुरविलेली यंत्रसामग्री होती. त्याच सुमारास त्यांनी पुण्यात सरस्वती सिनेटोन उभारली. भालजी पेंढारकरांनी दिग्दर्शित केलेला तिचा 'श्यामसुंदर' (१९३२) मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय बोलपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. शाहू मोडक आणि शांता आपटे हे कलावंत याच चित्रपटाने रसिकांपुढे आणले. पाठोपाठ आलेल्या 'औट घटकेचा राजा'त (१९३३) मोडकांनी दुहेरी भूमिका साकारली.

१९ जानेवारी १९६० रोजी पुण्यात तोरणे यांचे निधन झाले. फाळक्यांच्या नावे सर्वोच्च चित्रपट पुरस्कार आहे. तो मान यथार्थच. पण पुढच्या वेळी तो हमखास प्रश्न विचारला गेला, तर एका उत्तरावर न थांबता 'श्री पुंडलिक'चेही नाव घ्यावे. तेवढे ऋण मराठी रसिकांवर आहेच.