रणगाड्याचं मॉडेल आणि त्यातला माणूस : लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर



चौथी-पाचवीच्या मुलांना हल्ली एक छंद लागलेला दिसतो. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून रणगाडे तयार करायचे. वाढदिवसाला असा एखादा बॉक्स घरी येतो, आठवडाभर जेवणाच्या टेबलावर डिंक, रंग आणि चिमटे पसरलेले असतात आणि मग आईबाबा आपल्याला विचारतात, सर, मुलांच्या हातात ही लढाईची खेळणी द्यावीत का हो? माझं मत सांगतो. द्यावीत. तासन् तास एका जागी बसून, सूचना वाचून, बोटांनी बारीक काम करायला लावणारी खेळणी आज आहेत तरी किती? फक्त त्या रणगाड्यात कोण बसायचं, हे मुलांना सांगायला हवं. ते सांगण्यासाठी एका माणसाचं चरित्र फार उपयोगी पडतं. हा माणूस शिकला आपल्या पुण्यात, आणि ज्या पलटणीचं नेतृत्व करताना गेला तिच्या नावातही पुणे आहे.

आधी थोडं मॉडेलविषयी. खोक्यावर १:३५ असं लिहिलेलं असतं. म्हणजे खरी वस्तू ३५ सेंटीमीटर असेल तर मॉडेलमध्ये ती १ सेंटीमीटर. हा ३५ आकडा आला कुठून, याची गंमत मुलांना जरूर सांगा. टामिया या जपानी कंपनीने १९६० च्या दशकात मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा बनवला. त्यात मोटर आणि बॅटरी मावली पाहिजे, एवढाच हिशेब होता. त्या मापाने तयार झालेला रणगाडा मोजला तर तो साधारण मूळच्या ३५ व्या हिश्श्याचा निघाला, आणि मग जगभर तेच प्रमाण रूढ झालं!

तारापोर यांचा रणगाडा होता सेंच्युरियन, ब्रिटिश बनावटीचा. तोफेची नळी सोडून लांबी सुमारे ७.६ मीटर, रुंदी सुमारे ३.४ मीटर, वजन ५० टनांच्या आसपास. ३५ ने भागलं की मॉडेल जवळजवळ २२ सेंटीमीटर लांब आणि पावणेदहा सेंटीमीटर रुंद होतं. वजनाला मात्र नुसतं ३५ ने भागून चालत नाही, तीन वेळा भागावं लागतं. उत्तर येतं एक किलोच्या थोडं वर. सातवी-आठवीच्या वर्गाला घन शिकवताना हे उदाहरण घेऊन बघा. आणि लहान वर्ग असेल तर मैदानात फक्कीने ७.६ बाय ३.४ मीटरचा चौकोन आखा, आत चार मुलं बसवा. एक चालक, एक तोफ डागणारा, एक गोळे भरणारा आणि एक कमांडर. चौकोन मोठा दिसतो खरा, पण खऱ्या रणगाड्यात त्यातली बरीचशी जागा इंजिन, तोफ आणि दारूगोळा खातात. माणसांच्या वाट्याला उरतो कोपरा.

तर आता गोष्ट सुरू करू.

अर्देशिर बुर्झोरजी तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ चा, मुंबईतला. पारशी घराणं. त्यांचे पूर्वज रतनजीबा हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, त्यांना शंभर गावं इनाम मिळाली आणि त्यातल्या तारापूरवरून घराण्याला आडनाव मिळालं, असं सांगितलं जातं. आजोबांच्या काळात कुटुंब हैदराबादला गेलं आणि निजामाच्या नोकरीत स्थिरावलं. छोट्या अर्देशिरला सगळे आदी म्हणत. आदी साताठ वर्षांचा झाल्यावर त्याला पुण्याच्या सरदार दस्तूर मुलांच्या शाळेत, वसतिगृहात ठेवलं. एवढंसं पोर घरापासून इतक्या लांब! अभ्यासात तो फार चमकला नाही. बॉक्सिंग, पोहणं, टेनिस, क्रिकेट यांत मात्र पुढे. पुढे तो शाळेचा कॅप्टन झाला आणि १९४० मध्ये मॅट्रिक झाला. (गुणपत्रिका बघून मुलाचं भविष्य वर्तवणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.)

मॅट्रिकनंतर त्याने सैन्यासाठी अर्ज केला. १९४२ च्या सुरुवातीला तो हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात अधिकारी झाला. पण पायदळात. मन होतं रणगाड्यांच्या, म्हणजे जुन्या भाषेत घोडदळाच्या पलटणीत. ती इच्छा पूर्ण झाली ती एका अपघातामुळे.

संस्थानाच्या सैन्याचे प्रमुख मेजर जनरल एल एद्रूस पाहणीला आले होते. हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू होता. एका नव्या जवानाचा हात चुकला आणि बॉम्ब पुढे जाण्याऐवजी फेकण्याच्या खड्ड्यातच पडला. पिन निघालेली. हातात मोजके सेकंद. आदीने उडी मारली, बॉम्ब उचलला आणि बाहेर भिरकावला. तो हवेतच फुटला आणि त्याचे तुकडे आदीच्या छातीत घुसले. मुलांना इथे थांबवून विचारा, तुम्ही असता तर काय केलं असतं? खरी उत्तरं येऊ द्या. पळालो असतो, हे उत्तरही खरंच आहे. बरं झाल्यावर जनरलसाहेबांनी त्याला बोलावून शाबासकी दिली. तेव्हा या पठ्ठ्याने बढती मागितली नाही, पैसे मागितले नाहीत. मला रणगाड्यांच्या पलटणीत पाठवा, एवढंच मागितलं. आणि तो हैदराबाद लान्सर्समध्ये गेला. दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेत होता.

१९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झालं. १९५१ मध्ये तारापोर भारतीय सेनेच्या पूना हॉर्समध्ये दाखल झाले. ही पलटण १८१७ सालची. दुसरा बाजीराव पेशवा आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या पुण्याच्या तहातून ती उभी राहिली. म्हणजे इंग्रजांनी पेशव्याच्या खर्चाने उभारलेलं घोडदळ! इतिहासात असे विरोधाभास पुष्कळ सापडतात. घोडे गेले, रणगाडे आले, नाव मात्र हॉर्सच राहिलं. सेंच्युरियनचं प्रशिक्षण तारापोर यांनी इंग्लंडला जाऊन घेतलं.

१९६५ च्या युद्धात ते याच पलटणीचे प्रमुख होते. ११ सप्टेंबरला सियालकोट भागातलं फिलोरा घ्यायचा हुकूम मिळाला. फिलोरा आणि चविंडा या गावांच्या मध्ये शत्रूच्या रणगाड्यांनी वझीरवालीकडून जोरदार हल्ला चढवला. तारापोर यांनी तो थोपवला आणि एक स्क्वाड्रन घेऊन, सोबत पायदळ, फिलोऱ्यावर चाल केली. यात ते जखमी झाले. मागे नेऊन उपचार करायचं ठरलं तर त्यांनी नकार दिला.

इथे मॉडेलकडे परत बघा. वरच्या झाकणातून कमरेपर्यंत बाहेर आलेला एक कमांडर बऱ्याच बॉक्समध्ये असतो, उभा केला तर जेमतेम पाच सेंटीमीटरचा. मुलांना तो चिकटवायला खूप आवडतो. तो बाहेर का डोकावतो? झाकण लावलं तर चहूकडचं नीट दिसत नाही, फक्त काचांच्या फटींतून बघावं लागतं. आणि झाकण उघडलं तर सगळं पोलाद खाली राहतं, डोकं वर. हातपाय धड असतानासुद्धा हे काम सोपं नाही. तारापोर जखमी अवस्थेत पुढचे पाच दिवस हे करत होते.

१४ तारखेला वझीरवाली घेतलं. १६ तारखेला जस्सोरन आणि बुटूर-डोग्रांडी. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेक गोळे येऊन आदळले, तरी त्यांनी दोन्ही ठिकाणं सोडली नाहीत, कारण त्यांच्या आधारावर आपलं पायदळ चविंड्यावर मागून चालून जाणार होतं. त्याच दिवशी, १६ सप्टेंबरला, त्यांना वीरमरण आलं. वय ४२. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी झाले आणि पूना हॉर्सचे ९, अशी अधिकृत नोंद आहे.

मुलं या आकड्यांवर टाळ्या वाजवतात. वाजवू द्या, पण ९ गुणिले ४ करायला सांगा. मग ६० चंही करायला सांगा. सगळे मेले असं नाही, बरेच जण बाहेर पडले असतील. पण पलीकडच्या रणगाड्यांतही माणसंच होती, हे वर्गात बोललं गेलं पाहिजे असं मला वाटतं. काही सहकारी शिक्षकांना हे पटत नाही. त्याने शौर्याची गोष्ट कमी होते असं ते म्हणतात. मला तर ती उलट मोठी होते असं दिसतं.

लढाई चालू असतानाच तारापोर यांनी आपल्या एका अधिकाऱ्याला सांगून ठेवलं होतं की मी मेलो तर माझा अंत्यविधी रणांगणावरच अग्नी देऊन करा. मग सामानाची वाटणी सांगितली. प्रार्थनेचं पुस्तक आईला, गळ्यातली सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, ब्रेसलेट आणि पेन मुलाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथेच अग्नी दिला गेला. ही यादी मी वर्गात हळू वाचतो. तोफा, चिलखत, अश्वशक्ती यांवर हिरिरीने बोलणारी मुलं पेनापाशी गप्प होतात.

२०२३ मध्ये अंदमान-निकोबारच्या २१ बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली, त्यात एक तारापोर यांचं आहे. याच पूना हॉर्सचं दुसरं परमवीरचक्र १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना मिळालं, तेही मरणोत्तर. त्यांचा जन्मच पुण्याचा. वय अवघं २१, आणि रणगाडा पुन्हा सेंच्युरियनच. फामागुस्टा नावाचा त्यांचा तो रणगाडा अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या नगरला, सैन्याने जपून ठेवला आहे.

पुण्याहून नगर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. तिथल्या रणगाडा संग्रहालयात सहल नेलीत तर मुलांना घरची मॉडेल सोबत घ्यायला सांगा. आधी मॉडेलची रुंदी पट्टीने मोजायची, ३५ ने गुणायचं, उत्तर वहीत लिहायचं. मग खऱ्या रणगाड्यासमोर पावलं टाकून बघायचं जुळतंय का. आणि जमलं तर वरच्या झाकणाकडे बोट दाखवून विचारा, इथून खाली उतरायला किती वेळ लागत असेल?